अण्णांचं तपकिरी फाटक

अण्णा, तुमच्या नातवाला बोटीवर नोकरीला जायचं होतं. सगळं जमून आलं आणि डोळ्यांच्या तपासणीत अडलं. डॉक्टरांनी रंगीत ठिपक्यांचं पुस्तक पुढे धरून विचारलं, "आकडा कोणता?" हा म्हणाला, "कुठाय आकडा?" लाल-हिरव्यातला फरकच त्याला धड कळत नाही. घरी येऊन न जेवता भिंतीकडे तोंड करून निजला. सासूबाई लगेच म्हणाल्या, "आमच्या घराण्यात असलं काही नाही हो."

मी इरेला पेटून मोबाइल घेऊन बसले. पहिल्याच साइटवर कसलंसं तेल डोळ्यांत घालायला सांगत होते. ती सोडून आनुवंशिकतेची माहिती देणारी एक बरी साइट सापडली, चित्रांसकट. हा दोष मुलाला येतो तो आईकडून. सासूबाईंना वाचून दाखवलं, तर त्या उठून देवापुढे साखर ठेवून आल्या. पुढे लिहिलं होतं की आईला तो बरेचदा तिच्या वडिलांकडून आलेला असतो, आणि वडिलांकडून मुलग्याला मात्र येत नाही. म्हणजे दादाला नागावची वाडी, आणि मला हे!

मग एकेक आठवायला लागलं. फाटकाला तपकिरी रंग देतो म्हणून तुम्ही दिवसभर खपलात आणि आई बाहेर येऊन किंचाळली, "अहो, हिरवंगार केलंत!" एकदा पिकली म्हणून कच्चीच, हिरवी सुपारी उतरवून घेतलीत. अजून दिसतं मला, आई चुलीपुढून विचारतेय, "मुद्दाम करता ना?" आणि तुम्ही ताकाचं भांडं तोंडाला लावताय.

आईला फोन करून सगळं समजावलं. तिनं ते दोनदा वदवून घेतलं. मग म्हणाली, "अगो, म्हणजे हा माणूस जन्मभर मला चिडवत नव्हता?"

नातवालाही तुमचं सांगितलं. "मग आजोबा भागवायचे कसं?" म्हणाला. म्हटलं, "आजीची बोलणी खाऊन." त्या दिवसांत तो पहिल्यांदा हसला. आता वकिलीला जायचं म्हणतो. कोट काळा, चुकायला वाव नाही.

हे पत्र कुठल्या पेटीत टाकणार? राहील माझ्याच कपाटात. परवा नागावला गेले, तर आई तुमच्या फोटोला फूल वाहताना मोठ्यानं सांगत होती, "जास्वंद आहे हो. तांबडी." मी तिला हसले. ती आत गेल्यावर मात्र फोटोजवळ जाऊन हळूच म्हटलं, "आणि देठ हिरवा आहे, अण्णा."