चौफुलीवरची रानसूर्यफुलं

प्रिय जोलीन,

काल एमिलकाकांना वृद्धाश्रमात भेटून आले. खसखस भरलेले गोड पाव, आपले कोलाचे, नेले होते. एक अर्धा खाल्ला, उरलेला रुमालात गुंडाळत म्हणाले, "हा माझ्या पोरीला ठेव." वर्ष झालं तू वडिलांशी बोलली नाहीस, तरी ते वाट बघतात. शेजारच्या टेबलावरून रुडी ओरडला, "एमिल, घाल चमचा तोंडात, समोरून ट्रक येत नाहीये!" सगळे हसले, काकाही हसले. मग मला हळूच विचारलं, "डार्ला, मी त्या दिवशी खरंच बघितलं नव्हतं का गं?" मी त्यांच्या कोटाचं बटण लावत बसले.

आमच्या शेताच्या कोपऱ्यावर रानसूर्यफुलं फुललीत, माझ्या डोक्याच्याही वर हातभर. सगळ्या नेब्रास्काभर नांगर फिरला, रस्त्याकडेच्या चरांत तेवढी ती उरली. शाळेची बस यायच्या आधी आपण त्यांत लपायचो आणि तुझी आई हाका मारून दमायची. म्हणूनच मागच्या वर्षी काउंटीचा गवत कापायचा ट्रॅक्टर आला तेव्हा मी आडवी गेले. ड्रायव्हर म्हणाला, "अहो बाई, यात गाय शिरली तर सापडायची नाही. चौफुलीचा कोपरा तरी कापू द्या." मी म्हटलं, "दोन आठवडे थांब रे, फुलं सरू देत." तो हसून गेला. नवव्या दिवशी तुझ्या आईला शेजारी बसवून काकांची पिकअप चौफुलीत शिरली, आणि मक्याचा ट्रक आला.

हे पत्र वर्षभर इथेच अडत होतं. तुझ्या आईचा देह नेला तेव्हा अंधारत आलं होतं; अपघाताचं मोजमाप उद्या घेऊ, शेरीफचे पोलीस म्हणाले. आयुष्यभर पाहिलेल्या फुलांकडे कोणाचं लक्ष जाणार? सगळे गेल्यावर मी कोयता आणला आणि तो कोपरा साफ कापला. सकाळी शेरीफचा माणूस आला तर लांबपर्यंत रस्ता दिसत होता. त्याने लिहिलं, पिकअपच्या चालकाने बघितलं नाही. मी फाटकात उभी होते, गप्प. मुळं मात्र जमिनीत होती; यंदा तो कोपरा पुन्हा तितकाच उंच झालाय. आज शेरीफला सगळं सांगून आले. गुरुवारी ट्रॅक्टर येणार आहे, आता मी आडवी जाणार नाही. त्याआधी ये. काकांना शेजारी बसव, चौफुलीवर गाडी थांबव, आणि ट्रक आला त्या बाजूला बघ. काय दिसतं ते त्यांना तूच सांग. माझ्याने होत नाही.

अजून म्हणू देशील तर तुझीच,
डार्ला