मी ओझं म्हणाले

दारव्हा, २३ नोव्हेंबर, रविवार

भाषण गाजलं, तरी मनाला चैन नाही. विषय होता, श्रीमंत देशांनी निर्वासितांना घ्यावं का? घ्यावंच, असं मी ठणकावून सांगितलं आणि अजूनही तेच म्हणेन. पण ते एक वाक्य! "माझ्या बंजारा पूर्वजांनी बैलांच्या पाठीवर मुलूखभर मिठाची ओझी वाहिली. मग एवढ्या श्रीमंत देशांना हे ओझं जड का व्हावं?"

नंतर चहाच्या वेळी कापडवाले चेतनकाका जवळ आले. त्यांचं कुटुंब फाळणीत सिंधमधून इथं आलेलं. हसत म्हणाले, "काहून बेटा, आमाले मिठाचं पोतं बनवलं तू?"

मी वाद घालत बसले. "काका, आमच्या तांड्यात ओझं म्हणजे भाकरी. त्याला मान असतो."

"तुमच्यात असन. पण माही माय इथं आली तं कोनाच्या पाठीवर नाई बसली. कापडाचा गठ्ठा घेऊन दारोदार फिरली. ओझं तिच्या डोक्यावर होतं, बेटा."

चहा तसाच ठेवून गेले.

एवढी पुस्तकं वाचली, आणि ओझं हाच शब्द सापडावा? आमच्या अभिमानाचा शब्द मी दुसऱ्याच्या माथी मारला. वर माफी मागायची सोडून त्यांना अर्थ समजावत राहिले.

आणि मला कळलं नव्हतं असंही नाही. त्या वाक्याला सगळं सभागृह टाळ्या वाजवत होतं, तेव्हा पहिल्या रांगेत काका हात मांडीवर ठेवून बसलेले मला दिसले होते. मी आवाज आणखी चढवला.