मिरचीवरचे पाहुणे

आये,

आज रोह्याच्या बाजारात जाऊन मिरचीवरच्या औषधाची बाटली परत देऊन आले. सील तसंच होतं. दुकानदार म्हणाला, "का वो ताई, किडे गेले काय?" मी म्हटलं, गेले. "मंग औषध न मारता गेले कसे?" मी पैसे मोजून घेतले आणि निघाले. रिक्षात तेच डोक्यात घोळत होतं, म्हणून घरी आल्या आल्या तुला लिहायला बसलेय. दुसऱ्या कोणाला सांगितलं तर म्हणतील, आई गेल्यापासून हिचं डोकं फिरलंय.

तुझ्या हातची मिरचीची रोपं माझ्याकडे आहेत, तुला ठाऊक आहे का? तुझं दिवसकार्य आटपल्यावर मीच ती गडबहून इथे माझ्या घरी, वरसेला आणली. रंगाच्या रिकाम्या डब्यांत घालून, ह्यांच्या स्कूटरवर. दादा म्हणाला, "घेऊन जा, हितं कोन पानी घालनार?" आणि बियांची बरणी उघडली तर रिकामी! सगळं बी एकदम पेरून टाकलंस. एवढी कसली घाई झाली होती गो तुला? म्हणजे ही रोपं मेली की आपली ती बुटकी, आभाळाकडे तोंड करून लागणारी मिरची संपली. पेणच्या बाजारात बायका "गडबवाल्या आजीची मिरची" म्हणून शोधत यायच्या, ती.

इथली माती मानवली त्यांना. फुलं आली. मग पानं आकसायला लागली. उलटून बघितलं तर मावा! हिरवा, चिकट, बोट लावावंसं वाटेना. आणि एका सकाळी त्या माव्यातच हे दुसरे दिसले.

काळे, लांबट, पाठीवर बारीक काटे, कुशीला नारिंगी ठिपके. मुंगीपेक्षा मोठे, चालणं सुसरीसारखं. मी असला किडा जन्मात बघितला नव्हता. तुझ्याबरोबर इतकी वर्षं वालाच्या शेतात वाकले, पण नाही.

ह्यांनी फोटो काढून फोनला विचारलं. फोन आधी म्हणाला, भुंगा. दुसऱ्या फोटोला म्हणाला, सुरवंट. तिसऱ्याला कसल्याशा फुलाचं नाव सांगितलं! हे हसत शिफ्टला निघून गेले. शेजारच्या वहिनी म्हणाल्या, "अगो, इखारी असंल, हात नको लावू." मग मी दुकान गाठलं. दुकानदारानं फोटो बघितलाही नाही. म्हणाला, "कुठला किडा ते कशाला पायजे? ह्यानं सगळेच मरतात."

बाटली घेऊन आले. सील कापायला कात्री घेतली आणि हात तिथेच थांबला. काकीचं पीठ आठवलं.

तुला कसं सांगू! तू गेलीस त्या जागेवर काकीनं तांदळाचं पीठ पसरलं होतं, शेजारी दिवा, वर टोपली. तूही आजीच्या वेळी असंच केलं होतंस. गेलेलं माणूस कुठल्या जन्माला गेलं त्याचं पाऊल पिठात उमटतं म्हणून. सकाळी सगळ्यांसमोर काकीनं टोपली उचलली. मी देवाला म्हणत होते, चिमणीचं पाऊल असू दे, गाईचं असू दे. काकी पिठावर ओणवी झाली आणि निरखून बघत म्हणाली, "बारके बारके पाय हायत. कसला तरी किडा गो." दादा वैतागला. "पीठ ठेवलंस तर मुंग्या येनारच ना!" झालं. सगळे चहाला उठले. मी एकटीच त्या ठिपक्यांकडे बघत बसले होते.

माझा विश्वास नाही असल्या गोष्टींवर. खरंच नाही. पण कात्री हातात असताना विश्वास आहे की नाही ते कुठे कळतं?

आणि त्यातली गंमत बघ. तू स्वतः किड्यांची वैरीण! दव असेतो राख मारायचीस, आणि त्यातून वाचलेला दिसला की चिमटीत धरून चिरडायचीस, हात लुगड्याला पुसून पुढच्या झाडाला. म्हणजे मारावं तर ती तू असलीस तर काय, ही भीती. न मारावं तर झाडं मरू दिली म्हणून तूच शिव्या घालणार. कुठूनही तुझाच मार! मी कात्री ठेवून दिली, बाटली कपाटावर टाकली आणि डब्यांशेजारी पाट मांडून बसले. कामावर रजा टाकली किड्यांसाठी. ह्यांना सांगितलं, डोकं दुखतंय.

बसल्या बसल्या तुझा राग येत होता. सांगूनच टाकते. माझ्या लग्नाला इतकी वर्षं झाली, तू माझ्या घरी एक घास खाल्ला नाहीस. यायचीस, मिरच्यांची पुडी द्यायचीस, घर बघायचीस, आणि तहान लागली की पिशवीतून स्वतःची पाण्याची बाटली काढायचीस. गडबहून भरून आणलेली! "नातवंड झाल्याबिगर लेकीच्या घरी जेवू नये, रीत हाय गो." मला मूल झालं नाही. होणार नाही असं डॉक्टरांनी सांगितलं तेव्हाही तू माझ्या डोक्यावरून हात फिरवलास, आणि निघताना बाटलीच उघडलीस. मी त्या दिवशी केलेली खीर तशीच राहिली. तुझी रीत राहिली, पण मला काय वाटलं असेल ते कधी विचारलंस का?

तर त्या पाटावर बसून मी बघितलं. तो काळा किडा पानाला तोंडच लावत नव्हता. मावा धरायचा, खायचा, पुढचा धरायचा. सावकाश, मन लावून. एकामागून एक फांदी साफ. मला आधी खरंच वाटेना. मग मी त्याला, म्हणजे कोणाला ते मला माहीत नाही, पण मोठ्यानं म्हटलं, "सावकाश जेव गो." वहिनींनी कुंपणावरून बघितलं. बघू दे!

पुढे ते पानांना चिकटून गप्प झाले. मेले वाटलं. मी पदर तोंडाला लावून रडले, किड्यांसाठी! काल सकाळी एकाची पाठ उकलली. आतून निघाला पिवळट भुंगा. बघता बघता लाल झाला, पाठीवर काळे ठिपके. आये, आपली टिकली गो! वालाच्या शेंगांवर बसायची ती. लहानपणी मी तळहातावर घेऊन फिरायचे, आणि तिचं पोरपण असं काळं, काटेरी असतं हे मला ह्या वयात कळलं. हात पुढे केला तर भिंतीवर गेली, आणि तिथून कुठे ते दिसलं नाही. जाताना सांगून जायची सवय तुलाही नव्हतीच.

ती तू होतीस असं मी म्हणत नाही. नव्हतीस असंही म्हणवत नाही. पीठ खरं की मुंग्या खऱ्या, मला काही सुधरत नाही. एवढंच माहीत आहे की झाडं वाचली आणि औषध मारलं असतं तर आधी तीच पोरं मेली असती.

पहिली मिरची धरलीय. ती मी खाणार नाही, लाल होऊन सुकेपर्यंत झाडावर ठेवीन. तिचं बी तुझ्या बरणीत भरीन आणि थोडं गडबला तुझ्या परसात पेरीन, दादा कितीही कुरकुरला तरी. आणि ह्यापुढे माझ्या दारात अनोळखी कोणी आलं, कितीही काळं, काटेरी असलं, तरी आधी बसून बघीन.

परत ये. मूल नाही माझ्या घरात. तरी पाण्याची बाटली आणू नकोस.

तुझी,
वैशी