खिडकीकडे तोंड केलेला कॉम्प्युटर

४ फेब्रु. १९८८
नऊ दिवस वही उघडली नाही, चुकलं. दवाखान्यात कॉम्प्युटर आला, त्यात जीव अडकला. क्षयरोग्यांची कार्डं इतकी वर्षं माझ्या कपाटात. मी शिपाई, शिक्षण चौथी, पण एक नाव बाहेर जाऊ दिलं नाही. आता तीच नावं यंत्रात भरणं चालू. डॉ. म्हणाले, पासवर्डशिवाय कोणालाच उघडत नाही. असेल. पण निघताना मी कुलूप तीनदा ओढून पाहतो. पासवर्ड कसा ओढायचा?

६ फेब्रु.
फ्लॉप्या कपाटात टाकून किल्ली करगोट्याला बांधली. टाइप करणारी छाया हसली. "काका, आंघोळीलेही सोडत नाही का जी किल्ली?" नाही सोडत. बंदोबस्त पक्का आहे.

१० फेब्रु.
घात झाला. सोयरीक ठरत आली की मुलाचा मामा दवाखान्यात चौकशीला येतोच. सगळ्यांना माझं एकच उत्तर, कार्ड असो नसो. "सांगता येत नाही." आज कामठीचा एक मामा आला. उमरेडच्या विणकराची कुसुम, चार वर्षांपूर्वी पूर्ण बरी होऊन गेलेली, तिच्याबद्दल विचारलं. नेहमीचं उत्तर दिलं. तो म्हणाला, "तुम्ही नका सांगू जी. खिडकीतून नाव वाचलं न मी त्या डब्यावर."
डब्याचं तोंड औषधाच्या रांगेकडे. अक्षरं इंग्रजी. मला वाचता येत नाहीत म्हणजे रांगेतही कोणाला येत नाहीत, असं धरून चाललो होतो मी.

११ फेब्रु.
टेबल फिरवलं. छाया कुरकुरली, "उजेड नाही न इथं, काका." दिवा लावून दिला. आता तिच्याखेरीज कोणाची नजर पडणार नाही, हे छातीवर हात ठेवून लिहितो. डॉ.ना माझी चूक सांगितली. ते म्हणाले, "बरी झाल्याचा दाखला देतो, पण तिच्याच हातात. मामाच्या नाही."

१२ फेब्रु.
दाखला घेऊन उमरेड. कुसुम मागावर बसलेली. सगळं सांगितलं. ती म्हणाली, "लपवाले मी काय चोरी केली का? येत्या रविवारी येऊन राहिले मुलाकडचे लोक. सांगाचं तं मीच सांगीन. तुमच्या डब्यानं काहून सांगावं?"
दाखला ठेवून घेतला. पुन्हा माग चालू.

१७ फेब्रु.
रविवार होऊन तीन दिवस. पोरगी खंबीर आहे, निभावेल. माझाच जीव थाऱ्यावर नाही. पोस्टकार्ड टाकलं. ते वाटेत दहा जण वाचतात, म्हणून आजाराचं, लग्नाचं अक्षर नाही. एवढंच लिहिलं...
चि. कुसुम, तिकडचं काही कळलं नाही. दोन ओळी लवकर टाक. बंद पाकिटात.