पंधरापर्यंत शबनमच्या मागे

१८ मार्च
सकाळी कारखान्याच्या टाऊनशिपमधले रस्ते, वीस कि.मी. ठीक. रात्री सासूबाईंनी वरणफळं केली होती. दोनदा घेतली. कशी झाली विचारलं तर सांगता आलं नाही.
जानेवारीत तिसरा महिना लागता लागता पोटातलं गेलं. निखिल, सासूबाई आणि डॉक्टर, एवढ्यांनाच माहीत. कोच सरांना टायफॉइड सांगितलाय. फेब्रुवारीत डॉक्टरांनी पळायला हो म्हटलं, तेव्हापासून पळतेय. रडू एकदाही नाही. नि. चेहरा बघत राहतो माझा. त्याला वाटतं मी दाबून ठेवलंय. दाबायला काही सापडत नाही.

२२ मार्च
मॅरेथॉनची ट्रायल १३ एप्रिलला, इथेच, तलावाकाठच्या रस्त्यावर. भोपाळ, एप्रिल! राष्ट्रीय कॅम्पची एकच जागा उरलीय. मी किंवा शबनम. दोघींचं सगळं आयुष्य एकाच ग्राउंडवर गेलं, आणि आता हे.
सरांनी दोघींना समोर बसवून समजावलं. "ठंड वाली स्पीड भूल जाओ." पंधरापर्यंत एकही किलोमीटर चार मिनिटांच्या आत नको. पुढचा घोळका सुटला तर सुटू द्यायचा, उन्हात तोच मागे येतो. टोपीत बर्फ, मानेवर स्पंज, प्रत्येक टेबलावर पाणी, तहान नसली तरी. तीसनंतर अंगात उरलं असेल तर सोडायचं. आणि किती उरलंय ते घड्याळ सांगत नाही. "बदन से पूछो."
विचारते. काही उत्तर येत नाही.

२९ मार्च
उन्हाची सवय व्हावी म्हणून मुद्दाम उशिरा सुरुवात. मी छान चालले होते. म्हणजे मला तसं वाटलं. शबनमने मध्येच दंड धरला.
"रोंगटे खड़े हैं तेरे. ठंड लग रही है क्या?"
खाली बघितलं. हातावर काटा, एवढ्या उन्हात. घाम थांबलेला. सरांनी सावलीत ओढून बर्फाचं पाणी डोक्यावर ओतलं.
"तुझे पता नहीं चला?"
"नहीं, सर."
"थोड़ा भी नहीं?"
नाही म्हटलं. त्यांनी उरलेलं बर्फाचं पाणीही ओतलं. मग म्हणाले, जिला स्वतःच्या अंगाची खबर नाही तिला मी एप्रिलमध्ये उतरवणार नाही. मरशील. नाव मागे घेतो.
नि.ला "जरा चक्कर आली" एवढंच सांगितलं.

३१ मार्च
सरांना सांगितलं. ग्राउंडवरच, रोलरवर बसून. "सर, टायफॉइड नहीं था. बच्चा गिर गया था."
बातमी वाचावी तसं वाक्य निघालं. सर एवढे धिप्पाड, माळ्याच्या पाइपाकडे बघत बसले. शेवटी म्हणाले, "पहले बोलती, बेटा." आणि उठून गेले.

२ एप्रिल
नाव राहिलं, एका अटीवर. पंधरापर्यंत मी शबनमच्या मागे. घड्याळ घरी. तिचं अंग सांगेल तसं आपण पळायचं. पण जागा एकच आहे, ती का म्हणून मला ओढून नेईल?
सरांनी तिला कारण सांगितलं नव्हतं. मी सांगितलं. ती बुटाची नाडी बांधत होती. सोडली, परत बांधली.
"पंद्रह तक तू मेरी. उसके बाद अल्लाह मालिक."

९ एप्रिल
सराव कमी केलाय. दिवसभर झोप. सासूबाई शेजारच्या काकूंना म्हणत होत्या, ट्रायल झाली की जरा घरात लक्ष घालेल. वाईट बोलत नव्हत्या.

१३ एप्रिल
झाली. आठवतंय तेवढं लिहिते.
अंधारात सुटलो तरी हवा गरम. पहिल्याच वळणावर तिघी भन्नाट पुढे. शबनम हलली नाही, मीही नाही. तिची वेणी, तिचे खांदे, तेवढंच बघत राहिले. ती पाणी घेई, मी घेई. ती मानेवर स्पंज दाबे, मी दाबे. पंधराच्या पाटीला तिने वळून पाहिलं. "अब?"
"तेरे साथ ही."
"पागल है."
उन्हं वर आल्यावर पुढच्या दोघी एकेक करून मागे आल्या. एक चालतच होती. तिसरी लांब दिसत होती, ती आम्हाला सापडली नाही. तीसच्या पुढे कुठेतरी एकदम तहान लागली. घसा, ओठ, छाती, सगळीकडे. इतकी की राग आला. बाटली हिसकावून प्यायले, दुसरीही घेतली. तोवर शबनम पुढे गेलेली. तिच्या मागे गेले. तिला गाठलं, आणि थांबले नाही. मागून ओरडली, "जा!"
दुसरी मी, ती तिसरी. पहिलीची कॅम्पमधली जागा आधीच पक्की होती. म्हणजे उरलेली माझी.
तंबूत शबनम पाय बर्फात घालून बसली होती. "मेरे पीछे ही बैठी रहती, तो अभी मैं जा रही होती," म्हणाली. हसत म्हणाली, मग टॉवेल तोंडावर घेतला. मी तिच्या शेजारी बसले. तिच्या पायांवर आणखी बर्फ टाकला.

१६ एप्रिल
फोन आला. कॅम्प डोंगरात, चार महिने. हो की नाही, उद्यापर्यंत कळवायचं. डॉक्टर म्हणाले होते पुन्हा मुलाचा विचार करायला तीन महिने थांबा, तेही आता झालेत. हे घरात कोणी बोलत नाही, पण सगळ्यांना ठाऊक आहे.
जेवणानंतर नि. म्हणाला, "तू ठरव. मी काही म्हणणार नाही."
"म्हण ना काहीतरी."
तो ताटं गोळा करत राहिला. मीच विचारलं, "तुला तेव्हा रडू आलं होतं का रे?"
"हो."
"कधी? मी कुठे होते?"
"तू दवाखान्यात. औषधं आणायला गेलो होतो. जवाहर चौकात गाडी बाजूला लावली. हेल्मेट काढलं नाही. आतल्या आत रडलो. काच पूर्ण धुरकट झाली."
मला हे माहीतच नव्हतं. त्याच्या हातातली ताटं घेतली, ओट्यावर ठेवली. तो तसाच उभा, मीही. उद्या काय कळवायचं, ते अजून ठरलं नाही.