दुसऱ्या माणसाची सही

सोमवार, ५ फेब्रुवारी

आल्या आल्या सोलापूर आवडलं. स्टेशनबाहेरच्या रिक्षावाल्याने शेंगाचटणी कुठली घ्यावी आणि कुठली मुळीच घेऊ नये यावर वाटभर व्याख्यान दिलं आणि शेवटी स्वतःच्या मेहुण्याच्या दुकानापुढेच रिक्षा थांबवली. मीही मुकाट्याने पाव किलो घेतली. नव्या गावात पहिल्याच दिवशी वाद नको.

राहायला निंगव्वांच्या खानावळीवरची खोली मिळाली आहे. निंगव्वा साठीच्या, मूळच्या अक्कलकोटकडच्या. निम्मं कन्नड, निम्मं मराठी बोलतात आणि दोन्ही भाषांत दमच देतात. कडक भाकरी माझ्याच्याने मोडेना तेव्हा म्हणाल्या, "फौजेत हुता म्हणं, आन् भाकरीला हरला की हो अप्पा." कोणीतरी माझी चेष्टा केली याला किती दिवस झाले होते. बायको, चेतना, गेल्याला दोन वर्षं झाली. तेव्हापासून साताऱ्याच्या घरात मी स्वतः आदळलेल्या भांड्यांशिवाय आवाज नाही. लेक श्रावणी बंगळुरूहून दर रविवारी फोन करते, तेवढाच.

काम माझ्या हातचं आहे. दलाचं नाव लिहीत नाही; बावीस वर्षं फौजेत हत्यारांची दुरुस्ती केली, रोजनिशीतसुद्धा काही गोष्टी गाळायची सवय आहे. चौऱ्याऐंशी रायफली आहेत. प्रत्येकीच्या नळीच्या बाजूला खाचांची पट्टी असते, तिला रेल म्हणतात. त्या रेलवर एकेक दिवा बसवायचा. मार्चच्या पहिल्या सोमवारी तपासणी, त्याआधी काम पुरं. मला घाई आवडत नाही, पण रिकामं बसणं त्याहून आवडत नाही.

बुधवार, ७ फेब्रुवारी

हत्यारांची कोठी म्हणजे कोत. तिच्या मागे एक लांबलचक, बिनखिडकीची खोली आहे. पूर्वी सूतगिरणीचं गोदाम होतं म्हणतात. बाहेर ऊन कितीही रखरखू दे, आत दिवसाढवळ्या काळोख. मला तसलीच हवी होती.

पद्धत लिहून ठेवतो. दिवा रेलच्या खाचेत बसवायचा, पुढे ढकलून टेकवायचा, दोन स्क्रू टॉर्क पान्याने मोजून कसायचे. कसलेल्या स्क्रूवर लाल रेघ ओढायची, म्हणजे पुढे ढिला झाला तर रेघ तुटलेली दिसते. रेघेला मी चेतनाची नेलपॉलिश वापरतो. तिच्या चार बाटल्या घरी पडून होत्या. फेकवत नव्हत्या. मग रायफल टेबलावरच्या व्हाइसमध्ये, म्हणजे शिकंज्यात, आवळायची, खोलीतला बल्ब बंद करायचा, रायफलचा दिवा लावायचा. तीस पावलांवर भिंतीवर काळं वर्तुळ रंगवलेलं आहे. झोताचा मध्य त्यात पडला पाहिजे. तिथवर चालत जाऊन खडूने खूण करायची आणि परत येऊन दिवा सरळ करायचा.

म्हणजे दर वेळी नळीकडे पाठ करून तिच्या पुढ्यात उभं राहावं लागतं. म्हणून दोन माणसांचा नियम आहे. पहिला बोल्ट मागे ओढतो, चेंबर म्हणजे गोळीची जागा बघतो, बोट घालून चाचपतो आणि मोठ्याने म्हणतो, "रिकामी." दुसरा स्वतः वाकून बघतो आणि म्हणतो, "पाहिलं." मग रजिस्टरमध्ये दोघांच्या सह्या. त्या एका शब्दावर पहिल्याचा जीव असतो.

माझा दुसरा माणूस म्हणजे कोतचे हवालदार शहाजी. सांगोल्याचे, डाळिंबाच्या बागेवर जीव, पोट थोडं पुढे. सकाळी आले, रजिस्टरची दोन पानं उघडली आणि दुसऱ्याच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत सह्या ठोकून दिल्या. मी भडकलो. ते हसले. म्हणाले, "उस्ताद, मला गेट हाय, किल्ल्या हायत्या. तुमच्यासारख्या माणसाला आनि कशाला पायजे दुसरा?"

कौतुक केलं की मी पाघळतो. चेतना नेहमी म्हणायची. रजिस्टर मिटून कामाला लागलो.

सोमवार, १२ फेब्रुवारी

तेवीस झाल्या. हात बसला आहे.

त्या खोलीत दिवसभर एकटं असणं मात्र जड जातं. तिथे स्वतःच्या श्वासाचाही आवाज होतो. नियम म्हणून मी "रिकामी" मोठ्याने म्हणतो, मग उत्तराची वाट पाहतो आणि मीच "पाहिलं" म्हणतो. आज स्वतःचंच हसू आलं. पन्नाशीला टेकलेला माणूस भातुकली खेळतोय.

निंगव्वांना हे सांगितलं तर त्या हसल्या नाहीत. भाकरी थापताना हात थांबला, मग पुन्हा चालू झाला.

शुक्रवार, १६ फेब्रुवारी

आज मी "रिकामी" म्हणालो आणि उत्तर आलं.

माझ्या मागून, उजव्या खांद्याशी. पुरुषाचा आवाज, थोडा बसलेला, कामाला कंटाळलेल्या माणसाचा. "पाहिलं." वळून बघितलं, कोणी नाही. बाहेर जाऊन शहाजींना विचारलं, ते गेटवर कुणाशी तरी बोलत उभे होते. मग घुमलेला आवाज असेल म्हणून परत आत गेलो.

पुढच्या रायफलीला पुन्हा आलं. त्याच्या पुढच्या रायफलीलाही.

भीती वाटली असती तर बरं झालं असतं. खरं लिहायचं तर मला बरं वाटलं. आपण बोललो आणि कोणीतरी उत्तर दिलं, एवढंच. दोन वर्षांत घरात मी किती वेळा "आलो गं" म्हणून दार उघडलं असेल आणि गप्प झालो असेन.

मंगळवार, २० फेब्रुवारी

एकावन्न. काम झपाट्याने चाललं आहे, कारण तो अजिबात वेळ लावत नाही. मी म्हणायच्या आत त्याचं उत्तर ओठांवर असतं. दुसरं काही बोलत नाही. मी मात्र बोलतो. आज त्याला सांगितलं की श्रावणीचा फोन रविवारी आलाच नाही, ऑफिसची सहल होती. सकाळच्या चहाचा दुसरा कप टेबलाच्या त्या बाजूला ठेवला.

हेही लिहितो. तीन दिवस झाले, मी बोट घालून चाचपणं सोडलं आहे. कधी कधी नीट बघतही नाही. दुसरा माणूस आहे ना.

गुरुवार, २२ फेब्रुवारी

शहाजींनी सही केलेली दोन पानं काल संपली. तिसरं पान कोरं होतं. संध्याकाळी त्यांच्याकडून सह्या घेऊ म्हणून दुसऱ्याचा रकाना मी मोकळा ठेवत होतो.

आज काम आटोपून बघतो तर रकाना भरलेला. बारीक, आखीव अक्षर. दहाच्या दहा ओळींत एकच नाव: चन्नप्पा.

शहाजींना दाखवलं. त्यांचा चेहरा उतरला. खुर्ची ओढून बसले. मग सांगितलं. माझ्याआधी इथे कल्लप्पा नावाचे आर्मरर, म्हणजे माझ्याच कामावरचे, होते. त्यांचा दुसरा माणूस चन्नप्पा, मैंदर्गीचा. वाईट नव्हता, पण रोज तेच तेच काम. बघायचं सोडून दिलं आणि नुसतं म्हणायला लागला. तीन वर्षांपूर्वी एका सकाळी कल्लप्पा भिंतीशी खूण करत होते. रायफल पहाऱ्यावरून तशीच, भरलेली आलेली. "चन्नप्पा म्हनला, पाहिलं. पाहिलं न्हवतं, उस्ताद. मग दिवा सरळ कराय गेला आन् हात भलतीकडंच, चापावर पडला. भिंत आमी दोनदा धुतली."

चन्नप्पाला काढून टाकलं. मैंदर्गीला घरी बसून राहिला. बायको म्हणायची, जेवलात का विचारलं तरी एकच शब्द बोलतो. सहा महिन्यांत गेला.

शहाजींना शपथ घालून विचारलं की हे मला आधी का नाही सांगितलं. म्हणाले, सांगितलं असतं तर तुमी थांबला असता का.

शुक्रवार, २३ फेब्रुवारी

रात्रभर एकच विचार. तो बघत नाही. कधीच बघत नव्हता. नुसतं म्हणतो.

आज त्याच्या उत्तराकडे दुर्लक्ष करून प्रत्येक चेंबर चाचपलं. एकसष्ट नंबरची रायफल पहाऱ्यावरून आलेली. मी "रिकामी" म्हणालो, तो "पाहिलं" म्हणाला, आणि माझ्या बोटाला पितळ लागलं. जिवंत राउंड. टेबलावर ठेवला, तो लवंडून गडगडत गेला.

गेल्या आठवड्यात पहाऱ्यावरच्या अशा किती रायफलींपुढे मी पाठ करून उभा राहिलो, मोजायला घेतलं आणि सोडून दिलं.

रविवार, २५ फेब्रुवारी

श्रावणीचा फोन आला. तिने विचारलं, बाबा, जेवलात का?

मी म्हणालो, "पाहिलं."

ती हसली. काय पाहिलं, म्हणाली. मी म्हटलं सिनेमा. मी "हो" म्हणायला तोंड उघडलं होतं. शब्द माझा नव्हता, आवाज मात्र माझाच.

मंगळवार, २७ फेब्रुवारी

खोलीत आता उत्तर येत नाही. दोन दिवस मागून काहीच नाही. खांद्याशी कोणी नाही.

माझ्याच तोंडून येतं. "रिकामी" म्हणायला जातो आणि दुसरा शब्द निघतो. निंगव्वा भाकरी वाढू का म्हणाल्या, तोच शब्द. त्यांनी तवा खाली ठेवला आणि माझ्याकडे बघत देवाचं नाव घेतलं. मग म्हणाल्या, "अप्पा, गावाकडं जावा. उद्याच जावा." त्यांना सगळं माहीत होतं. सगळ्यांना माहीत होतं.

मीच त्याला आत घेतलं. चहा मीच ठेवला.

बुधवार, २८ फेब्रुवारी

काम सोडतो म्हणून अर्ज लिहिला. मजकूर माझा आला. सही करायला गेलो तर बारीक, आखीव अक्षर—

तीनदा लिहिला. तीनही वेळा त्याचंच नाव.

ही वही अजून माझी आहे. एवढंच उरलं आहे. बोलायचं ते इथेच.

गुरुवार, २९ फेब्रुवारी

बोल्ट ओढायला हात उचलत नाही. उचलतो, हँडलपर्यंत जातो, तिथून परत येतो. कंटाळा आल्यासारखा.

दार ओढून बाहेर बसलो. शहाजी आले. एकच राहिली, म्हणाले. पहाऱ्यावरची. उद्या आणून देतो, तासाभरात परत पाहिजे. मी आत जात नाही हे त्यांनी बघितलं. म्हणाले, "भिंतीपातूर मी जातो उस्ताद. तुमी निस्तं बसा, बघा आन् सांगा."

नको म्हणायचं होतं. पहिला माणूस ते होणार. दुसरा मी.

तोंडातून तोच शब्द. त्यांना वाटलं मी होकार दिला. पाठीवर हात ठेवून गेले. चांगला माणूस आहे. इथे माझ्या पाठीवर कोणी हात ठेवला तो त्यांनीच.

पहाटे पळतो. निंगव्वांना न सांगता.

शुक्रवार, १ मार्च

पळालो नाही. पाय इकडेच आले. आठ वाजता व्हाइसशेजारच्या खुर्चीत होतो.

शहाजींनी रायफल आणली. खांद्यावरून उतरवून तशीच व्हाइसमध्ये दिली. दिवा बसवला, स्क्रू कसले, लाल रेघ ओढली. तेवढं हात ऐकतात. वही मांडीवर आहे. त्यांना वाटतंय नोंद करतोय.

बोल्ट ओढला नाही. त्यांनीही नाही. मी आहे म्हणून—

विचारलं त्यांनी. उस्ताद, रिकामी न्हवं का?

म्हणालो मी. तो शब्द नाही लिहीत.

बल्ब बंद केला त्यांनी. दिवा मी लावला, झोत भिंतीवर. खडू घेऊन निघाले. दहा पावलं. मी हाक मारली. तोच शब्द. ते हात हलवून हसले, पुढे चालले.

उठता येत नाही. पेन ऐकतंय. पान फाडून त्यांच्याकडे भिरकावतो—

शहाजी, थांबा. मी पाहिलं नाही. बाजूला व्हा, भिंतीपासून बाजूला—

पान फाडायला डावा हात येत नाही. ते वर्तुळाशी पोचले. माझ्याकडे पाठ. झोत बरोबर मधोमध.

डावा हात दिव्याच्या बटणावर होता. तिथं नाहीये आता. खाली चापाकडे सरकतोय. मी नाही सरकवत—

शहाजी मागे वळा. मी पाहिलं नाही. मी चेंबर पाहिलं ना

पाहिलं. मी पाहिलं. रिकामी आहे पाहि