हिरव्या फडक्याचं कडं

प्रिय उस्ता मितवल्ली,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे पत्र न उघडताच शेगडीत घालशील, ही धास्ती घेऊनच लिहायला बसलो आहे. तसं करू नकोस. पूर्ण वाच, मग खुशाल घाल. माझी शाळा चौथीत सुटली. माझे रजेचे अर्जसुद्धा तूच लिहून द्यायचास. पण हे पत्र दुसऱ्याकडून लिहून घेण्यासारखं नाही. अडतीस वर्षं आपण बोललो नाही, आणि तेवढीच वर्षं लोक तुला ‘कड्यावाचून गाडी पळवणारा मितवल्ली’ म्हणत आले. हे पत्र त्याबद्दलच आहे.

पण आधी आनंदाची बातमी सांगू दे, नाहीतर माझ्या छातीत मावणार नाही. अरे, आपली कश्शाश सापडली! प्रत्येक थांब्यावरची माणसं, कोंबड्या, टोपल्या झाडून नेणारी आपली ती रडतखडत चालणारी गाडी. फोटोत सापडली, रंगासकट!

झालं असं. माझी नात नुहा औषधाच्या दुकानात काम करते. तिने गेल्या रमजानात माझा फोन एका मंडळाला जोडून दिला. चारशे माणसं, सगळी रेल्वेवेडी. कोणी दातांचा डॉक्टर, कोणी बँकेत कारकून, पण काम एकच, जुन्या गाड्यांचे फोटो टाकायचे आणि भांडायचं. एक म्हणतो, “हा डबा हंगेरीचा, खिडकी बघा.” दुसरा म्हणतो, “डॉक्टर, आधी स्वतःचे डोळे तपासा, तुमच्या पेशंटांचे चांगले दातच उपटत असाल!” पहिल्याच दिवशी मी घाबरून भलतीच कळ दाबली आणि चारशे जणांना माझ्या कानाचा फोटो गेला. वगीह नावाचा माणूस हे मंडळ चालवतो. त्याने खाली मला काका म्हणत लिहिलं, “अम्म बयूमी, हा बोगदा कुठल्या मार्गावरचा?” मी दोन दिवस फोनला हात लावला नाही.

मग हळूहळू धीर आला. फोनवर लिहायला जमत नाही म्हणून मी बोलून पाठवू लागलो. कफ्र सुलेमच्या फलाटावर कडी देण्या-घेण्याच्या कामावर असताना मी एकेरी रूळ कसा सांभाळायचो ते सांगितलं. आपल्या उत्तरेच्या रुळाचं एकच कडं, दक्षिणेच्या रुळाचं एकच, आणि ज्या ड्रायव्हरच्या दंडात कडं, रूळ त्याचा. कडं नाही तर चाक हलवायचं नाही. धावत्या गाडीतून झेलताना कड्याच्या वेताने हात सोलतो म्हणून तुझ्या बायकोने, उम्म हानीने, दोन्ही कड्यांना फडकी शिवली होती, उत्तरेच्या कड्याला हिरवं आणि दक्षिणेच्या कड्याला लाल, हेही सांगितलं. मंडळी वेडी झाली. “अम्म बयूमी, अजून सांगा!” या वयात कोणी अजून सांगा म्हणतं का रे? घरात तर मी तोंड उघडलं की मुलगी टीव्हीचा आवाज वाढवते.

आणि गेल्या मंगळवारी तो फोटो आला. आठवतो तुला तो उंच जर्मन, अर्ध्या चड्डीतला, ज्याला आपण तामियाचे वडे खाऊ घातले आणि ज्याने लोणच्याची मिरची भाजी समजून चावली? तो वारला. त्याच्या मुलीने त्याचे सगळे फोटो वगीहला पाठवले. मी फोन उघडला आणि चहाचा पेला मांडीवर उपडा झाला. कफ्र सुलेमचा फलाट! ते वाकडं खजुराचं झाड, पाण्याचा माठ, निळं इंजिन, आणि खिडकीतून अर्धा बाहेर आलेला तू, मिशीला पीळ देऊन. खाली मी, छाती फुगवून, खांद्यावर कडं. केवढे काळे केस होते माझे! मी जिना उतरून शेजाऱ्यांना दाखवत सुटलो. नुहा मागून ओरडत होती, “आजोबा, गोळी घ्यायची राहिली!” मंडळात तर ईदच. कोणी म्हणालं, “हा मिशीवाला पाशा कोण?” मी अभिमानाने सांगितलं, उस्ता मितवल्ली, आमच्या मार्गावरचा सगळ्यात मऊ हाताचा ड्रायव्हर, ब्रेक लावला तर डब्यातल्या बाईच्या डोक्यावरची टोपलीही हलायची नाही. त्याच दिवशी ठरलं, जुने डबे मोडीत निघायच्या आत येत्या शुक्रवारी सगळ्यांनी मिळून कश्शाशने जायचं.

रात्रभर आनंद होता. सकाळी फोटो पुन्हा मोठा करून पाहिला. माझ्या खांद्यावरचं कडं हिरवं होतं.

तू समजला असशील. तो तोच दिवस होता. उत्तरेकडून येताना तू हिरवं कडं आणलंस आणि माझ्या हाती दिलंस. लाल कडं समोरून मालगाडी घेऊन येत होती. ती आली की तिच्याकडून घ्यायचं आणि तुला द्यायचं, एवढंच माझं काम. ते झालं नाही. तू दक्षिणेला निघालास आणि भोपळ्याच्या शेतापाशी मालगाडी समोर आली. तुझ्याच मऊ हाताने मधे चाळीस पावलं राखली. कोणाला ओरखडा आला नाही. पण तुझ्या इंजिनात हिरवं कडं सापडलं, आणि चौकशीत मी शपथेवर सांगितलं, “उस्ताने आणलेलं कडं मला दिलंच नाही. मी थांब म्हणत होतो, तो निघून गेला.” तू म्हणालास, “बयूमीने हात वर करून कडं दिलं, मी न बघता घेतलं.” साहेबांनी विचारलं, ड्रायव्हर न बघता घेतो? तू म्हणालास, “बयूमीने दिलेलं होतं, साहेब.” मी तेव्हा जमिनीकडे बघत होतो. तुला कारखान्यात चाकं पुसायला बसवलं. पुन्हा कधी इंजिन दिलं नाही.

गुरुवारी दुसरा फोटो आला. गाडी निघालेली, खजुराचं झाड मागे पडलेलं, खिडकीतून तू कॅमेऱ्याकडे बघून हसतो आहेस आणि तुझ्या दंडात हिरवं कडं. पहिल्या फोटोत माझ्या खांद्यावर, दुसऱ्यात तुझ्या दंडात, म्हणजे तू ते मला दिलं होतंस आणि मीच ते तुला परत दिलं होतं. खाली चारशे जण इंजिनाच्या क्रमांकावर भांडत होते. कडं कोणालाच दिसलं नाही. ते दिसण्यासाठी त्या फलाटावर उभं राहिलेलं असावं लागतं.

मी गप्प बसलो असतो तर ते तसंच दबून राहिलं असतं. दोन दिवस तेच ठरवत होतो. जेवण जाईना. नुहाने रक्तदाब मोजला आणि म्हणाली, “हे असंच चाललं तर फोन विहिरीत टाकेन.” तुला खरं सांगतो, मी चुकीचं कडं दिलं ते कामाच्या गडबडीत नाही दिलं. त्या जर्मनाने हात वर करून दाखवलं, असं उभं राहा म्हणून. मी उभा राहिलो. माझा फोटो चांगला यावा म्हणून! तेवढ्यात तू भोंगा दिलास, डब्यातली माणसं ओरडायला लागली, आणि खांद्यावर होतं ते मी वर केलं. तूही फोटोसाठी हसत होतास, म्हणून पाहिलं नाहीस. पण तुझी चूक क्षणाची होती. माझी अडतीस वर्षांची आहे. नोकरी जाईल या भीतीने बोललो होतो. पुढे नोकरी संपली, भीती तशीच राहिली.

काल दुपारी मी दोन्ही फोटो शेजारी ठेवायला सांगितले आणि मंडळाला सगळं बोलून पाठवलं, तुझं नाव, माझं नाव, शपथेसकट. डॉक्टरने लिहिलं, “अम्म बयूमी, तुम्हाला डोक्यावर घेतलं होतं आम्ही.” मी म्हटलं, आता उतरवा. वगीहने फक्त विचारलं, “उस्ताला सांगितलंत का?” तेव्हा कळलं की चारशे परक्यांना आधी सांगितलं आणि ज्याला सांगायचं होतं तो राहिला. इथेही मी चुकीच्या माणसाच्या हातात दिलं.

म्हणून हे पत्र. टपालावर भरवसा नाही, उद्या सकाळच्या कश्शाशच्या गार्डकडे देतो आहे. शुक्रवारी मंडळी पुढे जातील, मी एकटा तुझ्या गावी, अबू-गनीमला उतरेन. ते हिरवं कडं माझ्याकडे आहे. कड्यांची पद्धत बंद झाली तेव्हा भंगारातून उचलून आणलं होतं; का आणलं ते तेव्हा मला सांगता आलं नसतं. उम्म हानीचं फडकं अजून फाटलेलं नाही. ते घेऊन मी फलाटाच्या बाकावर बसेन. स्टेशनच्या फाटकापासून तुझं घर वीस पावलांवर आहे म्हणतात. पण तू स्वतः येऊन, नीट बघून, ते माझ्या हातून घेतल्याशिवाय मी फाटकाबाहेर पाऊल टाकणार नाही. परतीची गाडी चारला आहे. तू आला नाहीस तर त्याच्या पुढच्या शुक्रवारी पुन्हा येईन. या वेळी मला कसलीही घाई नाही.

फलाटावर थांबलेला, तुझाच,
बयूमी